दोर टेलाच्या हाती

स्वस्ति श्री अखिलग्रामधुरंधर, चारीजलवितरणधर्मसंस्थापक, कांदाचाळाधिपती, ग्रामसभाकंठीरव, तंबाखूचुनामर्दनाचार्य, शुभ्रधोतरालंकृत, परनिद्राविध्वंसक, सकलवस्तीपितामह, माजी सरपंच कैलासवासी श्रीमान आप्पासाहेब यांच्या स्वर्गस्थ चरणारविंदी शिरूर तालुक्यातील एका यःकश्चित पुतण्याचे साष्टांग दंडवत विशेष.

प्रिय आप्पा,

ही बिरुदावली वाचून तुम्ही तिथेही कपाळाला आठ्या घातल्या असतील. पण माझा नाइलाज होता. आज सव्वीस जानेवारी. सकाळी झेंड्याखाली सूत्रसंचालनास उभा असताना अशीच एक बिरुदावली माझ्या हाती कोंबण्यात आली. एका हयात मनुष्यासाठी! मी ती वाचली नाही. मात्र उभा जन्म संस्कृत शिकवण्यात घालवलेल्या माणसाला इतके समास वाया घालवणे जिवावर येते. म्हणून नवे रचून तुम्हाला अर्पण केले. निदान तुमचे तरी खरे आहेत.

तुम्ही गेल्यानंतरचा हा पहिला प्रजासत्ताक दिन. क्रोध अनावर झाला आहे आणि तो ऐकून घेईल असा गावात कोणी उरलेला नाही. म्हणून हे पत्र.

आप्पा, पहिल्या सव्वीस जानेवारीची गोष्ट तुम्ही किती वेळा सांगितलीत! तुम्ही तेव्हा इयत्ता चौथीत. चावडीपुढे सारे गाव जमलेले आणि एकालाही हा कसला सण ते ठाऊक नाही. तुमचे वडील भर सभेत उठून म्हणाले होते, "सातंत्र्य तर मागंच झालं की! आता ह्यो दुसरा सण कशापायी?" त्यावर गुरुजींनी सांगितले, त्या दिवशी परका राजा गेला, आजपासून राजाच नाही. तेव्हा मागून कोणी तरी घाबऱ्या आवाजात विचारले, "राजा न्हाई? मंग गाऱ्हाणं घालायचं कुणापुढं?" या प्रश्नाचे उत्तर गुरुजींना देता आले नाही. त्यांनी प्रत्येक मुलाच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला आणि प्रजासत्ताक प्रस्थापित झाले.

आज सांगतो, त्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही दिलेत. पुष्कळ वर्षांनी, पण दिलेत.

तुम्ही नवे सरपंच होता आणि त्या साली झेंडा कोणी फडकवायचा यावरून पाटीलवस्ती व मळेवाले यांच्यात हमरीतुमरी झाली होती. दोन्ही पक्ष तुमचेच भाऊबंद. दोघांच्या मध्ये उभे राहून तुम्ही विचारलेत, "कालव्याला पाणी सुटलं का पहिली पाळी कुणाची?" सारे म्हणाले, टेलाची. म्हणजे कालव्याच्या चारीच्या शेवटच्या टोकाची. कारण तोंडाशी, म्हणजे हेडला, असलेल्यांनी आधी भिजवून घेतले, तर टोकापर्यंत थेंबही पोहोचत नाही. तुम्ही म्हणालात, "मंग झेंड्याची पाळी बी टेलापासनंच. हेडवाल्यांनी थांबायचं."

जगातील थोर राज्यशास्त्रज्ञांना जे सुचले नाही, ते तुम्हाला पाटाच्या चिखलात उभे राहून सुचले!

आणि पहिली पाळी आली धोंडिबाकडे. चारीच्या टोकाला खडकाळ तुकडा कसणारा, चावडीवर येताना वेशीबाहेर वहाणा काढणारा धोंडिबा. भेदरून त्याने दोर असा हिसडला की गाठ सुटेचना. आणि सुटली तेव्हा झेंडूच्या पाकळ्यांचा अखंड गोळा मुख्याध्यापकांच्या तुळतुळीत मस्तकावर पडला. सगळे हसले. धोंडिबा रडकुंडीला आला. तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "हसू दे रं. आज तू वर बघायचं, खाली न्हाई."

तेव्हापासून वर्षातून दोन पाळ्या, एक स्वातंत्र्यदिनाची आणि एक आजची. कागदोपत्री सरपंच, दोरापाशी पाळीकरी. एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर, कालव्याच्या आवर्तनासारखी ही पाळी फिरत राहिली. बौद्धवस्तीतल्या शांताबाईंनी दोर ओढला, त्या वर्षी त्यांच्या हातच्या लाडूंवर आम्ही पोरे तुटून पडलो होतो. आम्हाला वाटे, भारतभर हीच पद्धत असणार. शिरूरला नोकरीला लागल्यावर मी तिथल्या सहकाऱ्यांना विचारले, "तुमच्याकडे यंदा पाळी कोणाची?" त्यांनी माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले, ती अद्याप विसरलो नाही.

झेंडा तोच राहिला, आप्पा. त्याखालचा सण मात्र काय काय झाला! माझ्या बालपणी तुम्ही पहाटे दारोदार कड्या वाजवत हिंडायचात. तांब्यात निखारे घालून केलेली इस्त्री, नीळ जास्त झाल्याने आकाशवर्ण झालेले सदरे, प्रभातफेरी, लेझीम आणि शेवटी एक लिमलेटची गोळी. मग गावात पहिला दूरदर्शन संच आला आणि दिल्लीचे संचलन पाहण्यासाठी लोक राष्ट्रगीत संपताच पळू लागले. तुम्ही संतापून म्हणाला होतात, "आपला झेंडा सोडून दुसऱ्याचा काय बघताय?" वास्तविक तो एकच होता. पण तुमचे म्हणणे मला आज कळते.

पुढे जिलेबीयुग अवतरले. संविधानाचा आणि जिलेबीचा संबंध कोणत्या कलमान्वये आहे, हे मी आजतागायत शोधतो आहे. तरी जिलेबीवर माझा राग नाही. तिने कोणाची पाळी हिरावली नाही. नंतर आले फलकयुग. त्यात झेंडा अंगठ्याएवढा आणि शुभेच्छुकांची मुखकमले परातीएवढी! आणि यंदा आले ध्वनिक्षेपकांची भिंत लादलेले वाहन. त्याच्या घोषाने शाळेची कौले थरथरत होती आणि बालवाडीतली लेकरे कानात बोटे घालून प्रजासत्ताक साजरे करीत होती.

हेही मी गिळले असते. पण आजचे पुढचे ऐका.

गेल्या पंधरा ऑगस्टला पाटीलवस्तीची पाळी होऊन आवर्तन पुरे झाले. नवे आवर्तन पुन्हा टेलापासून. त्या दिवशीच्या ग्रामसभेत काठी टेकत तुम्ही उठलात आणि विचारलेत, "आता आपल्या गावचा टेल कंचा?" लोक चारीकडे बोट दाखवू लागले. तुम्ही म्हणालात, "नळाचं पाणी सगळ्यात शेवटी कुठं पोचतं?" साऱ्यांच्या माना ओढ्याकडे वळल्या. ओढ्याकाठच्या भाड्याच्या खोल्या! कारेगावच्या बाजूला कारखान्यांत जाणारे बिहारचे, उत्तरेचे कामगार तिथे राहतात. "मंग सव्वीस जानेवारीचा दोर तिथला. त्यो वेल्डर हाय न्हवं, रामप्रवेश, सगळ्यात जुना? त्यो वढील." दिवाळी झाली आणि तुम्ही गेलात.

रामप्रवेश आज आला होता, आप्पा. सुट्टीच्या दिवशी कामावर गेले की दुप्पट हजेरी मिळते. ती सोडून आला होता. पांढरा नवा सदरा, घडी न मोडलेला. बायको डोक्यावर पदर घेऊन बाजूला उभी. मला म्हणाला, "सर, रस्सी जोर से खींचना है कि धीरे से?" मी त्याला धोंडिबाची कथा सांगितली. तो हसला.

इतक्यात वाजतगाजत मोटार आली. आपल्या सरपंचबाईंचे यजमान, जे स्वतःस पदसिद्ध सरपंच समजतात, धावत पुढे गेले. मोटारीतून उतरले ते कारखान्यांना मजूर पुरवणारे ठेकेदार. आज त्यांचा वाढदिवसही असल्याचे फलकावरून समजले. राष्ट्राचा आणि ठेकेदारांचा जन्मदिन एकच, केवढा हा ग्रहयोग! माझ्या हाती चिठ्ठी आली: कर्मयोगी, दानशूर, युवाहृदयस्पंदन वगैरे वगैरे, यांच्या शुभहस्ते.

मी चिठ्ठी खिशात घातली आणि ध्वनिक्षेपकावरून स्वच्छ सांगितले, "गावच्या रीतीप्रमाणे आजची पाळी ओढ्याकाठच्या खोल्यांची. श्री. रामप्रवेश यांनी ध्वजस्तंभापाशी यावे."

तो पुढे आला. ठेकेदारांचा हात तोवर दोरावर गेला होता. त्यांनी मान वळवली आणि, आप्पा, त्यांनी त्याला ओळखले. रामप्रवेश त्यांच्याच ठेक्यातला!

"अरे रामप्रवेश! तू इधर कैसे? आज काम पे नहीं गया?"

मागे दोघेतिघे हसले. रामप्रवेशने हात जोडले. "नहीं सेठ, वो आप्पाजी ने बोला था..."

"कौन आप्पाजी?"

कौन आप्पाजी! तुमच्याच हातांनी रोवलेल्या स्तंभाखाली उभे राहून! यजमान माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सर, पुढचं घ्या, पुढचं. पावण्यांना टाइम न्हाई." मी म्हणालो, "पाळी मोडता येणार नाही." त्यांनी कोणाला तरी खूण केली आणि माझा ध्वनिक्षेपक बंद झाला. तसाच ओरडून बोललो. वाहनावरचे गाणे सुरू झाले. रामप्रवेशने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा शेठकडे, आणि दोन पावले मागे सरकला. "कोई बात नहीं सर," इतकेच म्हणाला.

दोर एका झटक्यात सुटला, आप्पा. गाठ अडली नाही, गोळा कोणाच्या डोक्यावर पडला नाही. न्याय देणारी नियती केवळ तुमच्या गोष्टींत असते काय?

लगेच ग्रामसभा होती. मी उठून तुमचा शब्द सांगितला. एक तरुण म्हणाला, "सर, भाड्यानं ऱ्हाणाऱ्यांची पाळी कशी आसंल? उद्या घर सोडून जात्याल." मी उत्तर देण्यापूर्वीच धोंडिबाची सून हौसाकाकू पदर खोचून उभी राहिली. "आमचा म्हातारा दोराला गेला तवा बी तुझा आज्जा हेच म्हणला व्हता, ह्यो कोण टिकोजी? भाड्यानं ऱ्हात्यात म्हंजी फुकट ऱ्हात्यात व्हय रं? तुझ्या बापानं त्या खोल्या बांधल्या, त्येंच्या भाड्यावर तुझी बुलेट फिरती!"

एवढ्यावर सारी सभा शहाणी झाली असती. परंतु ऐकायला माणसेच नव्हती. बहुसंख्य प्रजा वाहनापुढे नाचत होती. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब झाली. यजमान जाता जाता म्हणाले, "सर, पाळीचा काय लेखी ठराव हाय का? आसंल तर दावा."

नाही! आणि इथे माझा तुमच्यावर राग आहे. इतकी वर्षे तुम्ही म्हणत आलात, "बोललं ते झालं, लिव्हायचं काय?" आप्पा, तुमच्या तोंडचा शब्द तुमच्याबरोबर गेला हो! तुम्हाला काय वाटले, तुम्ही अमर आहात? सातबारा फेरफारासह जपलात, कांद्याच्या पावत्या जपल्यात, आणि गावाने केलेली सर्वांत शहाणी गोष्ट तेवढी वाऱ्यावर सोडलीत!

दुपारी रामप्रवेशच्या खोलीवर गेलो. त्याने सदरा उतरवून खिळ्याला टांगला होता. बायकोने चहा केला. मी क्षमायाचनेचे एक भारदस्त वाक्य जुळवीत होतो, तोच तो म्हणाला, "सर, सेठ पे गुस्सा मत करो. मेरा काम उनके हाथ में है. बस एक गड़बड़ हो गया. माँ को फोन पे बता दिया था कि झंडा मैं फहराऊँगा. उसने पूरे टोले-मोहल्ले में बोल दिया. अब सुबह से फोटो माँग रही है."

त्याचा मोबाइल पुन्हा वाजू लागला. पडद्यावर 'माँ'. त्याने तो उचलला नाही, नुसता पालथा घातला.

राजा नसलेल्या देशात गाऱ्हाणे कोणापुढे घालायचे, हे त्या पहिल्या दिवशी विचारणारा जो कोणी होता, तो तिथे भेटला तर त्याला सांगा: आम्ही नवे राजे नेमले आहेत. आता गाऱ्हाणी नकोत, फक्त टाळ्या पाहिजेत.

ते असो. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हा नियम तुम्हीच मला शिकवलात. ती सभा भरेल तेव्हा मी, हौसाकाकू आणि शांताबाईंचा मुलगा सर्वांत पुढे बसू. ठराव मी लिहिणार. एकही समास न घालता, कोणालाही कळेल असा. ठेकेदाराने रामप्रवेशचे काम काढले, तर शिरूरमध्ये त्याला दुसरे लावून देईपर्यंत मी स्वस्थ बसणार नाही. आणि येत्या पंधरा ऑगस्टला दोर त्याच्याच हाती असेल. माझ्या हाती मोबाइल असेल. छायाचित्रणकला मला अवगत नाही. पण त्या माउलीला तिच्या मुलाचा चेहरा ओळखू येईल इतके मी नक्की जमवीन. हे तुम्हाला वचन.

आपला क्रुद्ध आणि आज्ञाधारक पुतण्या,
विद्याधर

ता.क. तुमच्या दशक्रियेला माणसे अपेक्षेपेक्षा जास्त आली म्हणून मी घरून लाल खुर्ची आणली होती. ती मंडपवाल्याच्या खुर्च्यांबरोबर टेंपोतून गेली. त्याच्याकडे चारदा गेलो. तो म्हणतो, आमच्याकडे सगळ्याच लाल. मोबदल्यात जी दिली आहे, तिचा मागचा डावा पाय आखूड आहे आणि हे सबंध पत्र मी तिच्यावर डुगडुगत लिहिले आहे.