कोपऱ्यातले दोन पट्टे

७ एप्रिल, डोंबिवली
सकाळी देवेनने मोबाइलवर फोटो पाठवला. खाली मजकूर: ‘मॅडम, तुमचं डिटेल अजून चालतंय.’ हा माझ्या हाताखाली ड्रॉइंग शिकला, आता त्याच ऑफिसचा मालक. कोलशेतला मासळी विकणाऱ्या बायकांच्या ओट्यांवर ताणलेल्या कापडाचं छत घालतोय. फोटोत कोपऱ्याची पोलादी प्लेट. माझीच. ती गोलाई दुसरं कुणी काढत नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, लोक मला भाजी निवडण्याचे सल्ले देतात, आणि माझी प्लेट कोलशेतला उभी राहतेय. दहा मिनिटं फुशारून बसले. चहा गार.
मग चष्मा लावून पाहिलं. पट्टे नाहीत.

८ एप्रिल
देवेनला फोन. म्हटलं, तू परकर पाहिलायस का कधी? नाडी ओढली की कापड गोळा होऊन एकीकडे सरकतं. छताचंही तेच. कडेच्या नेफ्यातून दोर जातो, ताण आला की कापड दोरावरून सरकत कोपऱ्यापासून लांब पळतं. म्हणून कोपऱ्यात ते प्लेटला दोन पट्ट्यांनी बांधायचं. ते कुठे गेले?
‘मॅडम, हे तुमचंच जुनं ड्रॉइंग आहे. आंबिवलीच्या हॉलचं. त्यात पट्टे नव्हतेच. दिसायला क्लीन आहे म्हणून तेच घेतलं.’
‘ते छत फाटलं होतं, देवेन.’
‘वेल्डमुळे. रिपोर्टवर तुमची सही आहे.’
उर्मटपणे म्हणाला असता तर बरं झालं असतं. उर्मट माणसांना उत्तर देण्यात माझं आयुष्य गेलं. हा नम्र होता. ‘पट्टे घालायचे तर सगळ्या प्लेटा बदलाव्या लागतील. लेखी कारण द्या, मी थांबवतो.’ बाविसाला कापड चढणार.

९ एप्रिल
काही लिहायचं नाही आज. कपाट आवरलं. तेही अर्धंच.

१० एप्रिल
लिहितेच.
विमल. आमच्या आंबिवलीच्या वर्कशॉपच्या वेल्ड विभागाची मुख्य. वेल्ड म्हणजे कापडाचे तुकडे गरम करून एकमेकांना चिकटवणं. ते तिच्यासारखं कुणाला जमलं नाही. कोलशेतच्या कोळीवाड्यातली, बाप होड्यांची शिडं शिवायचा. मी कागदावर काढायचे, ती जमिनीवर अंथरायची. चपला दाराबाहेर. त्या पांढऱ्या कापडावर आम्ही दोघी गुडघ्यांवर, खडू घेऊन, शनिवारभर. डबा तिथेच. तिचं कालवण, माझ्या घडीच्या पोळ्या. ‘बाय, तुजी पोली रुमालासारकी हाय, पोटाला काय लागनार?’ आणि खायची मात्र चार.
आंबिवलीच्या हॉलच्या वेळी ड्रॉइंग पाहून म्हणाली, ‘कोपऱ्यात बांद बाय. कपरा पलतो.’ मी म्हटलं, ‘ही होडी नाही, विमल.’ सगळ्यांसमोर. दोन-चार जण हसलेही.
मे महिन्याच्या वाऱ्यात फाटलं. कुणाला लागलं नाही. मी शिडीवर चढून पाहिलं. कापड प्लेटपासून वीतभर सरकून गोळा झालं होतं आणि सगळा ताण शेजारच्या जोडावर आला होता. म्हणून जोड उकलला. हे मला शिडीवरच कळलं. खाली उतरेपर्यंत सगळे ‘वेल्ड गेला, वेल्ड गेला’ म्हणत होते. मी नाही म्हटलं नाही. नंतर रिपोर्ट टाइप होऊन आला, त्यावर सही केली.
विमलला काढलं. ती भांडायला आली नाही. आली असती तर

पुढच्या प्रत्येक कामात मी पट्टे घातले. कुणी विचारलं नाही, का.
अकरा वर्षं झाली.

१४ एप्रिल
कोलशेतला गेले. खांब उभे, प्लेटा लागलेल्या, कापड अजून गुंडाळलेलं. तिथला इंजिनीअर म्हणाला, ‘आजी, इकडे नका उभ्या राहू.’ त्याला म्हटलं, ज्या प्लेटखाली तू उभा आहेस ती तुझ्या या आजीने काढलीय. हसला. विश्वास बसला नाही.
ओट्यांवर बायका बसल्याच होत्या, डोक्यावर छत्र्या बांधून. चौथ्या ओट्यावर ती. केस पांढरे. कोलंबी सोलत कुणालातरी काहीतरी म्हणाली आणि शेजारच्या तिघी एकदम खदखदल्या. मला ऐकू आलं नाही. काय म्हणाली असेल, याच विचारात घरी आले. पूर्वी ते सगळं आधी मला ऐकायला मिळायचं.
हाक मारली नाही.

१७ एप्रिल
देवेनसाठी पत्र. इंग्रजीत, अर्थात. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी पत्रलेखन इतकं घोटून घेतलंय की मी मरणाची बातमीसुद्धा नीट परिच्छेद पाडून देईन. चार खर्डे झाले. खाली पट्ट्यांचं रेखाटन. हात अजून चांगला आहे.
पाठवलं नाही. आधी विमलने पाहावं.

१९ एप्रिल
गेले. विमलच्या सुनेने दार उघडलं. ‘कोन पायजे?’ मागून विमल आली.
‘मॅडम,’ म्हणाली.
पत्र दिलं. उलटसुलट पाहिलं. ‘इंग्रजी हाय. कोनाला लिवलंय?’
‘देवेनला.’
‘मंग मना कनाला दावतंस?’
पत्र तिने माझ्याच हातात परत दिलं.
‘वाच. मराठीत.’
ओटीवर उभं राहून वाचलं. पट्टे न घालण्याचा निर्णय माझा होता. वेल्डमध्ये दोष नव्हता. हे मला त्याच दिवशी माहीत होतं. रिपोर्टवरची सही मागे घेत आहे. सून दारातच उभी. शाळेत वाचनाची बक्षिसं मिळवलीत मी. आज दर वाक्याला श्वास पुरेना.
‘परत वाच.’
वाचलं.
‘यात माजा नाव कुटं हाय?’
नव्हतं. ‘वेल्ड विभाग’ लिहिलं होतं. चार खर्डे, आणि एकातही नाही. माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.
पेन काढलं, तिथेच खाली बसले आणि लिहिलं. पूर्ण नाव. ती वरून पाहत होती. मग वाकून रेखाटनावर बोट ठेवलं. ‘यो पट्टा आखूर परल. चार बोटं जास्त दे.’ बरोबर होतं. दिले. पत्राचा फोटो काढून तिथूनच देवेनला पाठवला. लगेच उत्तर: ‘कापड थांबवतो. सोमवारी बोलू.’ तिला वाचून दाखवलं.
 ती अंगणात जाऊन जवळा वाळत पसरायला लागली. पाठ माझ्याकडे. म्हटलं, ‘पट्टे लावताना येशील का?’
हात थांबले नाहीत.
सुनेने विचारलं, ‘आई, चाय ठेवू?’
विमलने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. सून माझ्याकडे बघायला लागली. मी ओटीवरून उठले नाही.