सूत्र आलं कुठून

सर, मी लातूरला गणित शिकवते हे तुम्हाला कळलंच नाही. मला इथल्या क्लासमध्ये नोकरी लागली त्याच्या आदल्या वर्षीच तुम्ही गेलात. रविवारची चाचणी नुकतीच संपली आहे, पोरं मेसकडे पळाली आहेत आणि मी एका उरलेल्या पेपरच्या पाठकोऱ्या बाजूला हे लिहिते आहे. दमले आहे. दिवसभर माईकवर बोलून घसा बसतो, आणि एवढ्या मोठ्या वर्गात मागच्या बाकांवरची तोंडं मला नीट दिसतही नाहीत. अकरावी-बारावीची मुलं आमच्याकडे काय शिकतात, ते सांगते. उत्तराचे चार पर्याय असतात. त्यातले दोन कसे उडवायचे हे ती आधी शिकतात. उरलेल्या दोनांत शून्य नाहीतर एक घालून बघायचं. पुस्तकात सिद्धता असतात, पण त्या पानावर आम्ही थांबत नाही. चौकटीतलं सूत्र घ्यायचं आणि पुढे जायचं. मुलं वाईट नाहीत, सर. मेहनती आहेत. आकडेमोडीत तर मला मागे टाकतात.

मुखेडच्या शाळेत तुम्ही मला भोपळा दिला होता, आठवतं? त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज एकशे ऐंशी अंश, हे सिद्ध करायचं होतं. फळ्यावर तुम्ही एबीसी त्रिकोण काढून शिकवलं होतं, परीक्षेत मुद्दाम पीक्यूआर दिलात. मी खाली मान घालून एबीसीचीच सिद्धता लिहून आले, एकही ओळ न चुकता. तुम्ही सगळ्या वर्गासमोर म्हणालात, "तुला त्रिकोण येत नाही, तुला माझा फळा पाठ आहे." मी रडले. संध्याकाळी तुम्ही घरी बोलावलंत. काकू भाकरी थापून राहिल्या आहेत, आणि तुम्ही मला कोळशाचा तुकडा देऊन म्हणता, "हिला समजावून सांग. ही चौथी शिकली आहे." मी फरशीवर त्रिकोण काढते, टोकातून पायाला समांतर रेघ ओढते, व्युत्क्रम कोन सारखे म्हणून पुढे जाते. काकू हात पुसत वाकून बघतात. "थांब की गं. वरची रेघ तू आपल्या मनानं ओढलीस. मग हे दोन कोन सारखेच, हे कशावरून?" मी नुसतं बोटानं ते दोन कोन दाखवत राहते. तव्यावरची भाकरी करपते. तीनदा पुसून, तीनदा काढून, शेवटी मलाच ते कळलं, आणि मग काकू म्हणाल्या, "हाव, आता पटलं." तुम्ही दारात बसून सगळं बघत होतात.

यंदा अकरावीत भोकरकडची एक मुलगी आहे. सगळ्यात जास्त मार्कांच्या, पहिल्या बॅचमधली. मी साइन ए अधिक बीचं सूत्र लिहिलं तशी ती उभी राहिली. "मॅडम, हे सूत्र आलं कुठून?" घड्याळात बघून मी म्हणाले, "परीक्षेत विचारत नाहीत. बस खाली." वर्ग हसला. त्या रविवारच्या चाचणीत ती निम्मा वेळ त्याच सूत्रावर बसली, कच्च्या कागदावर आकृत्या काढत. बरेच प्रश्न कोरेच राहिले. सोमवारी तिला तिसऱ्या बॅचमध्ये टाकलं. चार दिवसांनी तिचे वडील एसटीने आले. स्टाफरूमच्या दारातच चप्पल काढून उभे राहिले. "म्याडम, पोरगी लई इचार करून राहिली. तुमचं ऐकते ती. इतका इचार करू नको म्हणावं." मी मुलीला बोलावलं आणि त्यांच्यासमोरच सांगितलं, "विचार नंतर कर. आधी सराव." तिने मान हलवली. वडिलांनी मला हात जोडले.

तिने ऐकलं, सर. दोन महिन्यांत ती परत पहिल्या बॅचला आली. आज चाचणी देऊन जाताना माझ्याकडे आली आणि हसून म्हणाली, "मॅडम, आता मी कुठंच अडकत नाही." मी "शाब्बास" म्हणाले. तिला वाटलं असेल, मॅडम खूश झाल्या.

हे पत्र कुठे टाकणार? मुखेडचं तुमचं घर विकलं गेलं, काकू मुलाकडे गेल्या, त्यांचा पत्ताही माझ्याकडे नाही. पण एक गोष्ट कुणाला तरी सांगायला हवी. ती तिसऱ्या बॅचला गेली त्या चाचणीनंतर तिचा कच्चा कागद मी घरी नेऊन नीट बघितला होता. एका त्रिकोणाचे दोन तुकडे करून, क्षेत्रफळ दोन्हीकडून मांडून तिने ते सूत्र काढलं होतं. ही वाट मला कधी सुचली नव्हती. वडील आले त्याच्या आधीच मला ठाऊक होतं की तिचं बरोबर आहे. मी तिला ते सांगितलं नाही.