रोवेनाची पिन

इंडियाना, ९ ऑक्टोबर २००८

प्रिय रोवेनाताई,

पत्र मिळालं. गुडघा आता बरा असेल. इथं थंडी पडू लागली. सफरचंदांचा मुरांबा घालून ठेवलाय. जुन्या वस्तूंचं दुकान बरं चाललंय.

कॉलेजातल्या भगिनीमंडळांच्या सभासदत्वाच्या पिना मी का विकत घेते आणि विकते, असं तू विचारतेस. 'ती पवित्र वस्तू, बाजारात मांडायची नसते,' म्हणतेस. अगं, मांडतात ती पोटचीच मुलं. आई वृद्धाश्रमात गेली की घर आवरतात, डबीत पिन सापडते. तुझी तर तुझ्या सुनेनंच मला विकली. घेणाऱ्यांपैकी कुणाला सोनं नि मोती हवे असतात. कुणी म्हातारी आपल्या मंडळाची पिन परक्याच्या हाती नको म्हणून सोडवून नेते. आणि ज्यांना मंडळात कधी घेतलंच नाही, त्या नुसती हातात धरून बघतात.

मी त्यांच्यातली. तुझ्याच मंडळानं मला नाकारलं तेव्हा तू मला कुशीत घेऊन रडलीस. म्हणालीस, "त्या पोरींना तुझी किंमत नाही, व्हर्ना." त्या शब्दांवर मी पुढची सगळी वर्षं काढली.

ऑगस्टात तुझी मंडळातली मैत्रीण ल्युसिल दुकानात आली. तुझी पिन पाहून म्हणाली, "ही रोवेनाची ना? परत दे गं तिला. छातीवर ती लावूनच मला पुरा, म्हणते."

"मला घेतलं असतंत, तर माझीही असती एक."

ती गोंधळली. "आम्ही बाकीच्या सगळ्या तुझ्याच बाजूनं होतो. पण एक मत विरुद्ध पडलं की संपलं. आम्हांला वाटलं, तुम्ही बहिणींनी आपसात ठरवलंय."

बाबांचा मोठा व्यापार आहे, असं तू त्यांना सांगितलं होतंस, हेही तिच्याकडूनच कळलं. ते खाटीकखान्यात डुकरं कापायचे, हे मंडळात माझ्या तोंडून निघालं असतं. खरंच निघालं असतं. मला त्यात लाजण्यासारखं काही वाटत नव्हतं.

आता तू पिन मागतेस. तुझं पत्र आलं त्याच दिवशी सोनं वितळवणारा एक गृहस्थ आला होता. त्याला दिली. त्यानं माझ्यासमोरच चिमट्यानं मोती उपटले. पिनेमागं कोरलेलं तुझं नाव वाचून विचारलं, "ओळखीच्या बाई का?"

"नाही," मी म्हटलं.

बहीण म्हणवून घ्यायला तुला मंडळात पुष्कळ आहेत, म्हणून खाली नुसतं नाव लिहिते.

व्हर्ना