मोहाखालची झाडलेली जागा

अहेरी,
शुक्रवार, होळी तोंडावर आली आहे

प्रिय कहकशाँ,

तुला आणि दानिशमियांना खूप खूप दुआ. माझी तब्येत ठीक आहे. ठीक म्हणजे जेवतो, झोपतो, पाट्या रंगवतो. शिडीवर फार वेळ उभं राहिलं की पाय बधिर होतो ना, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं सध्या सगळं आहे. दुखत काही नाही. परवा शेजारच्या अन्नपूर्णाबाईंनी भाजीची वाटी पाठवली. थोड्या वेळानं त्या स्वतःच दारात. "कशी झाली जी भाजी?" मी म्हटलं, झकास. तर पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, "भाऊ, मीठ टाकाचंच राह्यलं होतं, तेच सांगाले आली." मला कळलंच नव्हतं. सगळी वाटी संपवून बसलो होतो.

तुझं पत्र पोचलं. अम्मीचं तोंडही पाहायला मिळालं नाही, आता रिकामं घर पाहायला कशाला येऊ, असं तू लिहिलंस. वाचलं आणि घडी करून ठेवलं. तुझ्यावर राग नाही बेटा. त्या दिवशी पुलावरून पाणी वाहत होतं, तुझी बस नाल्यापलीकडे अडकलेली, आणि इकडे मातीला उशीर करता येत नाही. नाल्याशी कोण भांडणार? पण ती पावसाळ्यातली गोष्ट. दिवाळी गेली, ईद गेली, तू आली नाहीस. तू आता येणारच नाहीस की काय, एवढं एक मनात येतं. येतं आणि तिथंच पडून राहतं, ओल्या लाकडासारखं. पेटत नाही, विझतही नाही.

संध्याकाळी मी बागेत जातो. लाकूड डेपोमागची आपली बाग. जायला काही कारण लागत नाही, पाय आपोआप वळतात. यंदा पळस असा फुललाय की लाल रंगाचा डबा उपडा केल्यासारखा. काटेसावरीवर मैना दिवसभर भांडतात. वांदरीण पोटाला पिल्लू धरून कुंपणावर येते आणि जास्वंदीच्या कळ्या खुशाल खाते. मी रंगवलेली "फुले तोडू नयेत" ही पाटी तिच्या शेपटीखालीच आहे. अम्मी असती तर म्हणाली असती, तुमचं अक्षरच खराब, तिला वाचता येत नाही. मी बाकावर बसून सगळं पाहतो. डोळ्यांना दिसतं, आत काही पोचत नाही. पूर्वी असा पळस पाहिला की घरी जाऊन तोच रंग घोटून बघायचो. आता घरी जाऊन दिवा लावतो.

बागेतला तो मोह तुला आठवत असेल. पण तो आपला कसा झाला हे तुला ठाऊक नसेल, तू फार लहान होतीस. बाग नवी झाली तेव्हा पाट्यांचं काम मला मिळालं होतं. जुम्म्याची नमाज झाली की तुझी अम्मी डबा घेऊन यायची. ती चंद्रपूरच्या भर बाजारात वाढलेली, पाचोळ्यावर बसायचं म्हटलं की तिला विंचूच दिसायचे. एके दिवशी तिनं माळीणबाईचा खराटा उचलला आणि मोहाखालची जागा झाडून आरशासारखी लख्ख केली. आम्ही डबा खाल्ला आणि घरी आलो. पुढं काही दिवसांनी, उजाडता उजाडता, माळीणबाई दारात. हीच आपली रंभाबाई. कमरेवर हात ठेवून तिनं अम्मीला झापलं. "काऊन वो बाई, झाड धरलं अन् वेचाले आल्या नाई? फुलं टपकून राह्यली, वांदरं खाऊन राह्यली!" आम्ही विचारलं, कसलं झाड? मग हळूहळू उलगडलं. तिच्या गावात मोह टपकायच्या आधी जी बाई झाडाखालचा पाचोळा झाडते, त्या वर्षी ते झाड तिचं. मग दुसरी कोणी तिथलं फूल उचलत नाही, भूक लागली तरी नाही. बागेतल्या कामाच्या बायांनीही कोणी हात लावला नव्हता. अम्मीचं, म्हणजे त्यांच्या सुलतानाबाईचं झाड म्हणून.

अम्मीला सांगता आलं असतं की बाई, मी नुसती बसायला जागा केली. पण तिनं डोक्यावरून ओढणी घेतली, टोपली उचलली आणि निघाली. मला म्हणाली, एवढ्या बाया माझ्यासाठी थांबल्या, आता नाही कसं म्हणू? तेव्हापासून दर वर्षी झाडणं आणि वेचणं. मोहल्ल्यात कमी का चिडवलं लोकांनी! जाफर पेंटरच्या घरी दारूची भट्टी लागून राह्यली का, असं एकानं भर दुकानात विचारलं. अम्मीनं त्याच्या घरी तीळ आणि मोहाचे लाडू धाडले आणि निरोप दिला, चढले तर कळवा. तू तिच्यासोबत अंधारात जायचीस. वेचायचं सोडून टोपलीतच तोंड घालायचीस, मग मुंग्या चावल्या की रडायचीस. सासरी जाताना लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसली होतीस, बसच्या टपावर ठेवू दिला नाहीस.

आता जे सांगायचं ते सांगतो. मोहाची पानं सगळी गळली आहेत. खाली घोट्याएवढा पाचोळा. फांद्यांच्या टोकांना झुपके धरलेत, आता टपकायलाच लागेल. बुधवारी मी अम्मीचा खराटा घेऊन गेलो. कोणी सांगितलं नव्हतं, घेऊन गेलो एवढंच. खराटा टेकवला तोच रंभाबाई पलीकडून ओरडली, "भाऊ, ठेवा तो! तुमच्या हातानं नाई." जवळ आली, खराटा माझ्या हातातून काढून झाडाला टेकवला. म्हणाली, "मायचं झाड पोरीले जाते. पोरगी हाये नं तिची?" मी सांगितलं, आहे, सिरोंच्याला, पण ती यायला नाही म्हणते.  रंभाबाई म्हणाली, "घराले नाई म्हणाली असन. झाडाले नाई म्हणाली का?"

ते तुलाच विचारायला हवं. म्हणून हे पत्र. तू नाही म्हणालीस तर ती बागेत कामाला येणाऱ्या रंजीताला झाडायला सांगणार आहे. रंजीता कामाची पोर आहे, तिनं विचारूनही ठेवलंय. मोह टपकू लागला की झाड मोकळं ठेवत नाहीत. त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही. पण तू हो-नाही तुझ्या तोंडानं सांग. आपल्यात बाया कब्रस्तानात जात नाहीत, तिथं मी तुला नेऊ शकत नाही. घरात तुला यायचं नाही, तर नको येऊस, मी डबा घेऊन बागेतच येईन. काल अम्मीच्या बरणीत तळाला गेल्या सालचा सुकलेला मोह सापडला. एक तोंडात टाकला. गोड होता. तेवढं कळलं. बाकीचे तसेच ठेवलेत. खराटा मी घरी आणला आहे, दाराआड उभा आहे. येणार असशील तर दुपारच्या बसनं ये, उजेड असताना पोचशील. झाडायचं वेचण्याच्या आदल्या संध्याकाळी असतं, आणि ते तुलाच करावं लागेल.

बस स्टँडवर उभा राहणारा,
तुझाच अब्बा