गुडघ्यांचं तेल

अण्णा, मागच्या मंगळवारी एक म्हातारे गृहस्थ दवाखान्यात आले आणि गुडघे दुखतात म्हणाले. खंडाळ्याकडचे, पलटणीत नोकरी केलेले, अजूनही ताठ बसणारे. सोबत सून होती. आपल्या दवाखान्याच्या बारा पायऱ्या ते एका दमात चढून आले, तेव्हाच मला कळायचं ते कळलं. अर्ध्या तासात दोनदा मोरीकडे जाऊन आले आणि दोन्ही वेळा तसेच अवघडलेले परतले. मी तुमची युक्ती केली. सुनेला परसातून तुळशीची पानं आणायला पाठवलं आणि हळूच विचारलं, लघवीला त्रास होतो का? ते भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे बघत राहिले. "न्हाई ताई, गुडघंच दुखत्यात," म्हणाले. मग उठता उठता, "वैद्यबुवा असते तर गोष्ट येगळी व्हती." तेलाची बाटली घेऊन गेले. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तुमच्या खुर्चीत मी बसते, केस पांढरे झाले, तरी मी अजून ताईच आहे.

सांगलीहून शिकून आले तेव्हा असाच एक जण आला होता. मला नव्या विद्येचा तोरा. सुनेसमोरच विचारून टाकलं, धार बारीक झालीय का, थेंब थेंब होते का. तो माणूस मान खाली घालून उठला तो परत आपल्याकडे फिरकला नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात काढा आटत होता आणि तुम्ही माझ्याकडे न बघता बोललात. "माणूस दुखणं घेऊन येतो तशी लाजही घेऊन येतो. ती ठेवायला आधी जागा द्यावी, मग विचारावं." मी चिडले. लाजेनं कुणी बरं होतं का, असं काहीतरी बोलले. दोन दिवस तुम्ही अबोला धरलात आणि तिसऱ्या दिवशी आजोबांचा लोखंडी खलबत्ता माझ्यापुढे ठेवलात. त्यात मी गोखरू कुटायला शिकले, काटे बोटात घेत घेत. वायवर्ण्याची साल, पुनर्नवा, पाणी चौथा हिस्सा उरेपर्यंत मंद आच. आणि प्रत्येक म्हाताऱ्याला तुम्ही जे बजावायचात ते मला पाठ झालं: काढ्यानं त्रास हलका होतो, लघवीच्या वाटेवरची वाढलेली गाठ जाईलच असं नाही; लघवी अडायला लागली की माझ्या दारात बसायचं नाही, सरळ साताऱ्याला जाऊन नळी घालून घ्यायची.

शेवटच्या वर्षी तुम्ही औंधला यमाईच्या दर्शनाला गेला नाहीत. एसटीत बसवत नाही, गुडघे धरतात, म्हणालात. आईच्या मागे ही एक वारी तुम्ही कधी चुकवली नव्हती. त्या महिन्यात लघवीच्या तक्रारीचं एकही माणूस आलं नव्हतं, तरी गोखरूची बरणी निम्म्यावर आली होती. मी बरणी पुन्हा भरली. काढाही रोज मीच करून ठेवायला लागले, कुणासाठी ते तुम्ही सांगितलं नाहीत, मी विचारलं नाही. संध्याकाळी तेल कोमट करून तुमच्या गुडघ्यांना चोळायचे. गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं अण्णा. सूज खाली होती, घोट्यांवर. बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. मी त्यावर धोतर ओढून घ्यायचे आणि पुन्हा गुडघे चोळायचे.

मग ती सकाळ. मी ओट्यापाशी काढा गाळतेय, तुम्ही दारात येऊन उभे आहात. चौकटीला हात. "जरा तुझ्याशी बोलायचं होतं," म्हणालात. मी वळले नाही. "काढा गाळलाय, कोमट आहे तोवर घ्या," म्हटलं. तुम्ही आत आलात, उभ्यानंच प्यायलात, भांडं विसळून पालथं घातलंत आणि बाहेर गेलात. चार दिवसांनी तुम्हाला शुद्ध राहिली नाही, तेव्हा साताऱ्याला नेलं. नळी घातली, पण मूत्रपिंडं आधीच थकली होती. डॉक्टर चांगले होते, रागावले नाहीत, फक्त म्हणाले, इतके दिवस घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही का? नाही म्हणाले मी. घरात दोन वैद्य होते. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही गेलात.

काल दुपारी त्या खंडाळ्याच्या आजोबांच्या घरी फोन केला. सुनेनं उचलला. साताऱ्याला दाखवून आणा, एवढंच सांगायचं होतं, सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. मागे ते खाकरल्याचं ऐकू आलं. मी विचारलं, गुडघे कसे आहेत? बरं हाय म्हणत्यात, ती म्हणाली. मग मी फोन ठेवला. उद्या पुन्हा करीन म्हणते.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुमच्या लाजेला जागा दिली. पण त्या सकाळी तुम्ही तुमची लाज दाराबाहेर ठेवूनच आला होतात. मला माझी ठेवता आली नाही. आणि खरं सांगायचं तर, तुम्ही असतात तर हे सगळं मी लिहिलंही नसतं. तेल कोमट करून आणलं असतं.