डोंग्यावरचं गोंदण

अवो शकूच्या बाबा,

तुमी होते तवा तोंडावर भांडता येत होतं. आता कागद लागते! शकूची पोरगी लिहून राहिली, मी सांगून राहिली. सकाळी तुमचे भाऊ आले अन अंगणातूनच ओरडले, "वहिनी, हे काय करून ठेवलं डोंग्याले?" म्हणून आजच लिहिणं पडलं.

तुमचा डोंगा आता कोरा नाही. दोन्ही अंगाले मी शिसमाच्या काळ्या पट्ट्या बसवल्या.

लोकांच्या चौकटीवर तुमी वेली कोरल्या, मोर कोरले. तिवशाच्या वकिलाच्या पाळण्याले तर पोपट! अन वर्धा नदीत मासे धराले स्वतःसाठी सागवानाचा डोंगा बांधला, त्यावर एक फूल नाही. "पाण्याले काहून नक्षी दाखवू?" म्हणे. काहून नाही? पाणी का परकं होतं?

भाऊजी म्हणत होते, डोंग्यावर मोठ्या अक्षरात तुमचं नाव रंगवा. मी म्हटलं, "भाऊजी, मले वाचता येते का? मी तिथं काय पाहू, रंग?" माझ्या हातावरची गोंदलेली तुळस अन तिच्या भवतीचे ठिपके, तेच मी तुमच्या पटाशीनं पट्ट्यांवर कोरले. ते मले वाचता येते. पटाशी दोनदा बोटात घुसली. हसू नका!

एक चुकलं. पहिल्या पट्टीले मी खिळे ठोकले, ते पार डोंग्याच्या आत निघाले. तुमी असते तर आठ दिवस बोलले नसते. खिळे उपटले, भोकात कापूस अन राळ भरली. मंग ती अन बाकीच्या पट्ट्या, पाणी लागते त्याच्या वर, लाकडी खुंट्यांवर बसवल्या.

भाऊजी म्हणतात, "वर्ष सरलं नाही, अन सजावट? पट्ट्या काढा, नाहीतर आमी गडी डोंगा नदीवर न्याले उचलणार नाही." तुमी गेले त्या दिवशी बायांनी माझं कुंकू पुसलं, तवा मी गप्प बसली. काहून बसली? तुमाले तरी आवडलं असतं का ते?

आता गप्प बसणार नाही. पट्टी एकही निघणार नाही. उद्या गल्लीतल्या सात बाया येऊन राहिल्या, डोंगा आमीच नदीवर नेतो. पुढच्या फळीवर मी बसीन. तुमी कधी बसू दिलं नाही, "तू भेशीन" म्हणत. भेईन बी! आत पाणी आलं तर चुलीवरच्या गंजानं उपसीन, पण पल्याडचा काठ लागल्याबिगर खाली उतरणार नाही. हा माझा शब्द.

तुमची,
शकूची माय
(निशाणी अंगठा)