घोडी थांबवायचा आवाज

मामंजी,

परवा नातीबरोबर टीव्हीवर एक इंग्रजी सिनेमा बघत बसले होते. एक टोपीवाला माणूस घोड्यावरून भरधाव येतो, एका घराच्या दारापाशी मागे रेलतो आणि म्हणतो, "व्होऽऽ". घोडा थांबला आणि माझी भाजी निवडायची थांबली. मी नातीला म्हटलं, "अगं, हा तर आपल्या घरातला शब्द बोलला!" ती हसायला लागली. सगळं जग मुलुंडमधूनच बाहेर पडलं असं आजीला वाटतं, हे तिचं माझ्याबद्दलचं ठाम मत आहे. पण मग तिनंच मोबाइलवर शोधून मला वाचून दाखवलं. त्या लोकांकडेही हा शब्द फार जुना म्हणे, पूर्वी तो नुसता 'हो' असाच होता, आणि घोड्यांच्या आधी तो माणसांसाठी होता. लांबच्या माणसाला हाक मारायची, भांडणाऱ्या दोघांना थांबवायचं, तर हाच शब्द. मी म्हटलं, माणसांनी ऐकायचं सोडलं असेल, म्हणून घोड्यांना लावला असेल. तुम्ही असता तर या बोलण्यावर मिशीतल्या मिशीत हसला असता.

तुम्ही मला त्याची वेगळीच कुळकथा सांगितली होती. तुमचे वडील साताऱ्याकडे आधी औत हाकायचे आणि नंतर टांगा, त्यामुळे शब्द शेतातूनच रस्त्यावर आला असं तुमचं म्हणणं. बैलाचा 'हो' तोकडा. बैल मुळात थांबायच्याच विचारात असतो, त्याला नुसतं निमित्त पुरतं. घोड्याची मात्र समजूत काढावी लागते, म्हणून त्याचा 'होऽऽ' लांब. आपण होकार देतो तसला नाही. हा पोटातून निघायचा, जरा लांबायचा आणि शेवटाला हळूच खाली बसायचा. कुर्ल्याकडचे टांगेवाले "बस बेटा, बस" म्हणायचे, कोणी नुसते ओठ फुरफुरवायचे. तुम्ही कुणाला नावं ठेवली नाहीत. ज्यानं त्यानं आपल्या जनावराशी काय ठरवलंय ते ठरवलंय, असं म्हणायचात. तुमच्या घोडीशी तुमचं ठरलेलं असं होतं की लगाम ओढायचा नाही, शब्द एकदाच बोलायचा, आणि ती थांबली की लगाम आणखी सैल सोडायचा.

मी विक्रोळीच्या चाळीतून तुमच्या घरात सून म्हणून आले तेव्हा माझा आवाज असा नव्हताच. आमची आई मालवणकडची, ती दिवसातून दहा वेळा सांगायची, "हळू बोल गो, भिंतीक कान आसत." मी इतकी हळू बोलायला शिकले की सासूबाईंना आधी वाटलं सून जरा मुकीच आहे. स्टेशनबाहेर तेव्हा टांग्यांची रांग होती, पण रिक्षांची रांग तिच्याहून लांब झाली होती. आपल्या दोन खोल्या, बाजूला पत्र्याची शेड, त्यात घोडी. सकाळी तुमचा चहा आणि तिची हरभऱ्याची चंदी, दोन्ही माझ्याकडे. खोलीतल्या माणसांशी बोलायची भीती वाटायची म्हणून मी शेडमध्ये तिच्याशी बोलायचे. तिला खरारा करताना माहेरचं सगळं सांगून झालं होतं माझं.

आणि मग तुमचा घसा बसला तो उठलाच नाही. तंबाखूनं घात केला. परळच्या डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं की ऑपरेशननं जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही, मुळीच राहणार नाही. घरी येऊन हे भिंतीला टेकून बसले. सासूबाईंनी देव पाण्यात ठेवायची भाषा सुरू केली. तुम्ही मात्र चहा बशीत ओतलात आणि घोगऱ्या आवाजात पहिलं काय विचारलंत, तर, "मंग घोडीला थांबवायचं कुनी?"

तेव्हा मला ते वेडेपण वाटलं होतं. माणसाच्या जिवावर बेतलंय आणि हे घोडीचं काय घेऊन बसलेत! पण तुम्हाला सगळं दिसत होतं. शिंगरू असल्यापासून तिनं तुमचाच आवाज ऐकलेला. तुमच्या आवाजाशिवाय ती थांबणार नाही, आणि न थांबणारी घोडी रस्त्यावर नेता येत नाही. नेता येत नाही तर घर कशावर चालणार? ह्यांची कंपनीतली नोकरी अजून टेम्पररी होती. आणि विकायची म्हटलं तरी, जी थांबत नाही तिला टांगेवाला घेत नाही. मग जे लोक घेतात त्यांचं नावसुद्धा तुम्ही घरात काढू द्यायचा नाहीत.

टांगेवाल्यांची एक रीत होती, ती मला तेव्हा कळली. घोडं विकलं तरी दोरी लगेच हातात द्यायची नाही, आधी आवाज सोपवायचा. जुना मालक आणि नवा मालक काही दिवस एकाच टांग्यात शेजारी बसून फिरणार. आधी जुन्यानं बोलायचं, मग दोघांनी एकदम, मग नव्यानं एकट्यानं, आणि जुन्यानं तोंड बंद ठेवायचं. नुसत्या नव्या आवाजाला घोडं थांबलं की मगच दोरी द्यायची. तुम्ही ऑपरेशनची तारीख पुढची मागून घेतलीत ती यासाठी. डॉक्टरांना काय सांगितलंत देव जाणे.

पहिला नंबर अर्थातच ह्यांचा लागला. ह्यांनी आवाज दिला तो घोडीला नव्हे, अख्ख्या मुलुंडला. वर लगाम दोन्ही हातांनी ओढला. घोडीला वाटलं मागे आग लागली. ती अशी सुटली की पाच रस्त्याच्या चौकात भाजीवाल्याची टोपली उडाली. घरी आल्यावर हे म्हणाले, "वाट लागली. मला नाही जमणार, आपण रिक्षाचं परमिट बघू." दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये घोडीला "सरक गं बाय" म्हटलं आणि ती निमूट सरकली, तेव्हा तुम्ही दारात उभे होतात. आत जाऊन सांगितलंत, "सूनबाईला शिकिवतो."

सासूबाईंचा पारा चढला. "बाईमानसानं स्टेशनाम्होरं वरडायचं? लोक काय म्हनतील?"

"लोक टांग्यात बसतील न्हाईतर रिक्षात बसतील," तुम्ही म्हणालात. "तिसरं काय करनार हायेत?"

मला कुणी विचारलंच नाही, हे आज हसत लिहिते. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, तेही कुणाला ऐकू जाणार नाही असं.

शिकवणी सुरू झाली ती स्वयंपाकघरात. मी स्टोव्हपाशी, तुम्ही उंबऱ्यावर. दूध वर यायला लागलं की तुम्ही बोट दाखवायचात, "थांबीव त्याला." मी घशातल्या घशात "हो" म्हणायचे आणि दूध उतू जायचं. "घशात न्हाई पोरी, प्वाटात अस्तो त्यो. घसा नुस्ता दरवाजा." आणि लगेच तुम्हाला स्वतःच्या घशाची आठवण व्हायची आणि तुम्ही दुसरीकडे बघायचात. सासूबाई दूध वाया जातं म्हणून कुरकुरायच्या, आणि एके दिवशी माझा आवाज असा लागला की त्यांच्याच हातातलं लाटणं जागच्या जागी थांबलं. तुम्ही टाळी वाजवलीत. दूध मात्र त्याही दिवशी उतू गेलं.

त्याच आनंदात मी संध्याकाळी गंमत म्हणून ह्यांच्यावर तो शब्द चालवला. हे घाईघाईनं बाहेर निघाले होते, मी मागून "होऽऽ" केलं आणि हे खरोखर थबकले. मी पदर तोंडाला लावून हसत होते. तुम्ही शेडमधून आलात. इतके गंभीर झालेले मी तुम्हाला पाहिले नव्हते. "तिनं ऐकलंय," तुम्ही म्हणालात. "खायाची थांबली ती. आता इचार करत आसंल, कशापायी थांबिवलं. जा, आन् जवळ हुबी ऱ्हा जरा." मी गेले. घोडीच्या तोंडाशी चंदी तशीच होती आणि कान माझ्याकडे. मी तिच्या मानेवर हात ठेवून उभी राहिले, तिनं लांब श्वास सोडला आणि पुन्हा तोंड खाली घातलं. थांबवलं की आपणही तिथं थांबायचं असतं, हे मला तुमच्या एवढ्याशा बोलण्यानं कळलं.

मग तो दिवस. तुम्हाला दुसऱ्या दिवशी भरती व्हायचं होतं. लगाम माझ्या हातात, तुम्ही मागच्या सीटवर. चुकून तोंडातून शब्द जाऊ नये म्हणून तुम्ही पंचा तोंडाला बांधला होता. बघणाऱ्याला वाटलं असेल म्हाताऱ्याची दाढ दुखतेय. आपण मुलुंड कॉलनीच्या उतारावरून खाली येतोय. घोडीच्या पायाला गती आहे, मागून टांग्याचं वजन ढकलतंय, आणि खाली आग्रा रोडवर ट्रक एकामागून एक चाललेत. मी ठरल्या जागी "हो" म्हणते. घशातून. घोडीचा एक कान मागे येतो आणि तेवढंच. ती चालतेच आहे. मी मागे वळत नाही. मला माहीत आहे की तुम्ही एकदा बोललात की ती जागच्या जागी उभी राहील, आणि मग उद्यापासून तिला कुणीच थांबवू शकणार नाही. मी वाट बघते की तुम्ही बोलाल. तुम्ही बोलत नाही. पानाची टपरी मागे पडते, आता ट्रकचा हॉर्न कानातच वाजतोय. लगाम ओढावासा वाटतो आणि मी हात पुढे सोडते. मग माझ्या पोटातून काय निघालं ते मलाच ठाऊक नाही. रस्त्यापलीकडचा वाणीसुद्धा दुकानातून बाहेर आला. घोडी उभी राहिली. चाकं करकरली, टांगा जरा हलला आणि थांबला.

मी मागे पाहिलं तेव्हा तुम्ही पंचा दातांत घट्ट धरला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एका अक्षरानं घोडी थांबवता आली असती, स्वतःचा जीवही त्या टांग्यात होता, आणि तुम्ही माझ्यासाठी गप्प बसून राहिलात. माझ्यावर इतका विश्वास तोवर कुणी टाकला नव्हता, मामंजी. आईनं नाही, ह्यांनीही नाही. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. आपल्यात असलं बोलायची पद्धतच नव्हती.

पुढे मी टांगा हाकला. सकाळी शाळेची पोरं, दुपारी देरासरला, त्यांच्या जैन देवळात, जाणाऱ्या गुजराती बायका. पहिले काही दिवस रिक्षावाले शिट्ट्या मारायचे, नंतर तेच विचारायचे, "वहिनी, सुट्टे हायेत का?" सासूबाई शेजारणीला सांगायला लागल्या, "आमच्या सुनंचा आवाज पार नाक्यापतोर जातो," आणि अशा सांगायच्या की जणू शिकवलं त्यांनीच. ह्यांची नोकरी पक्की झाली. तुम्ही परळहून गळ्याला पट्टी बांधून घरी आलात तेव्हा आधी शेडमध्ये गेलात. घोडीसमोर उभं राहून तोंड उघडलंत. नुसती हवा आली. तिनं तुमच्या खांद्यावर तोंड ठेवलं आणि तुम्ही कितीतरी वेळ तिचं कपाळ चोळत राहिलात. मी दारातून परत फिरले.

शेवटी टांग्याचं काही खरं राहिलं नाही तेव्हा वसईकडचा एक टांगेवाला आला. रीतीप्रमाणे मी त्याच्या शेजारी बसून त्याला आवाज सोपवला. तुम्ही मागे बसलात. तो एकट्यानं बोलला आणि घोडी थांबली, तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवलीत आणि दोरी मी द्यावी अशी खूण केलीत. शेडमध्ये मी नंतर बालवाडी काढली. पंधरावीस पोरं एकदम उधळली तरी मला छडी लागली नाही. आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडणं पेटली की लोक माझ्याकडे बघतात. हे म्हणतात, "हिच्यापुढे घोडी थांबली, चेअरमन काय चीज आहे." माझं जे काही बरं झालं ते त्या आवाजावर झालं, आणि तो तुम्ही दिलात.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. मी रोज पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे, तेव्हा हे पत्रही तुमच्या फोटोपुढे तसंच वाचावं असं मनात होतं. नाही वाचणार. घडी करून कपाटात साड्यांखाली ठेवीन. कारण एक गोष्ट तुमच्यासमोर मला मोठ्यानं म्हणवणार नाही. तुमचं सगळं आठवतं, मिशी, बशी, पंचा, उंबऱ्यावरची बसण्याची तऱ्हा. तुम्ही काय काय बोललात तेही आठवतं, म्हणून तर इतकं लिहिता आलं. पण तुमचा आवाज आठवत नाही. तो सिनेमा बघितल्यापासून मी शोधते आहे. डोळे मिटून तुम्हाला टांग्यावर बसवते, लगाम सैल सोडायला लावते, तुम्ही तोंड उघडता, आणि ऐकू येतो तो दर वेळी माझाच.